घरगुती कॉइलचं धन टोक कोणतं? ठिणगी पाडण्याआधी ओळखायची रीत

डिसेंबर-जानेवारीत सांगली-सातारा भागात शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली, की कुठल्या तरी टेबलावर एक घरगुती हाय-व्होल्टेज कॉइल दिसते. कधी ती भंगारातून आणलेली गाडीची इग्निशन कॉइल असते. कधी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून उरलीसुरली तार आणून हाताने गुंडाळलेली असते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर बोटाच्या पेराएवढी ठिणगी उडते. एका टोकाला लाल टेप, दुसऱ्याला काळी. लाल म्हणजे धन हे कशावरून, असं विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘बॅटरीचं प्लस त्या बाजूला जोडलंय म्हणून.’ दुसरं, ‘यातून एसी निघतो, त्याला धन-ऋण नसतंच.’

ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. अशा कॉइलला ठरलेली पोलॅरिटी असते. पोलॅरिटी म्हणजे कोणतं टोक धन आणि कोणतं ऋण, एवढाच अर्थ. ती मोजायला महागडं उपकरण लागत नाही, आणि हजारो व्होल्टच्या जवळही जावं लागत नाही.

कॉइलच्या आत काय चालतं

लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे असतात, ती प्रायमरी. तिच्यावर किंवा तिच्याशेजारी बारीक तारेचे हजारो वेढे असतात, ती सेकंडरी. हाताने बनवलेल्या कॉइलचा नेहमीचा हिशेब असा: बाइंडिंग वायरच्या तुकड्यांची जुडी करून केलेला गाभा, त्यावर १८ गेजच्या एनॅमल तारेचे दोन थर म्हणजे सुमारे २०० वेढे, आणि ३८ गेजचे सुमारे १२,००० वेढे. वेढ्यांचं प्रमाण झालं १:६०. गाडीच्या कॉइलमध्ये ते साधारण १:१०० असतं.

प्रायमरीत प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकत्व उभं राहतं, तोडला की ते मावळतं. चुंबकत्व बदलत असतानाच सेकंडरीत व्होल्टेज तयार होतं, हे फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलं. चुंबकत्व वाढताना व्होल्टेजची दिशा एक असते, कमी होताना बरोबर उलटी. म्हणजे स्विच एकदा दाबून सोडला की सेकंडरीच्या टोकांवर दोन धक्के येतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे असतात.

‘एसी’ म्हणणाऱ्यांचं इथपर्यंत बरोबर आहे. चूक पुढे होते, कारण हे दोन धक्के सारख्या उंचीचे नसतात.

मग याला एसी म्हणायचं की डीसी?

जोडणीच्या क्षणी प्रायमरीवर बॅटरीचे १२ व्होल्टच असतात. प्रमाण १०० धरलं तर सेकंडरीवर सुमारे १,२०० व्होल्ट येतात, आणि थोडी हेलकाव्याची (धक्क्यानंतर व्होल्टेज वरखाली झुलतं त्याची) भर पडली तरी ते त्याच घरात राहतात. प्रवाह पूर्ण चढायला काही मिलिसेकंद लागतात. तोडताना मात्र बॅटरीची मर्यादा उरत नाही. प्रवाह मायक्रोसेकंदांत शून्यावर येतो, प्रायमरीवरच ३००-४०० व्होल्टचा उसळा येतो, आणि सेकंडरीवर २०,००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त.

आणि तरीही दोन्ही धक्क्यांचं ‘व्होल्ट गुणिले वेळ’ सारखंच भरतं, कारण जेवढं चुंबकत्व चढलं तेवढंच उतरलं. कृष्णेतून महिनाभरात संथ वाहून जाणारं पाणी आयर्विन पुलावर कुणाच्या लक्षातही येत नाही. तेवढंच पाणी एका रात्रीत आलं तर सांगलीत शिरतं. जोडणीचा धक्का हा पसरलेला, बुटका प्रवाह आहे. तोडणीचा धक्का म्हणजे पूर.

आता ठिणगीच्या फटीचा विचार करा. टोकदार तारांमधली हवा फोडायला ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक किलोव्होल्ट लागतो. फट पाच मिलिमीटरची ठेवली, तर जोडणीचे बाराशे व्होल्ट ती ओलांडूच शकत नाहीत. तोडणीचे वीस हजार सहज ओलांडतात. म्हणून फटीतून पलीकडे जातो तो एकाच दिशेचा प्रवाह, तुकड्यातुकड्यांनी येणारा. हवेची फट इथे डायोडचं काम करते. पुढच्या सगळ्या चाचण्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत: कॉइलची पोलॅरिटी म्हणजे तोडणीच्या क्षणाची पोलॅरिटी.

जुन्या प्रयोगशाळांतल्या रुमकॉर्फ कॉइलला प्रायमरीचा प्रवाह उलटा करणारा एक फिरता स्विच असायचा, तो यासाठीच. बॅटरीच्या तारा अदलाबदल केल्या की सेकंडरीचं धन-ऋणही अदलाबदल होतं. त्यामुळे कॉइलवर नुसती ‘धन’ अशी चिठ्ठी चिकटवणं अपुरं आहे. बॅटरीचं प्लस प्रायमरीच्या कोणत्या स्क्रूला जोडलं होतं, तेही तिथेच लिहावं लागतं.

हे कळून उपयोग काय?

उपयोग बराच आहे. स्पार्क प्लगचा मधला इलेक्ट्रोड ऋण ठेवतात, कारण तो तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलटं जोडलं तर तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत सकाळी गाडी आढेवेढे घेते, त्यामागे कॉइलच्या उलट्या जोडलेल्या तारा असू शकतात.

प्रदर्शनात आवडीने मांडला जाणारा धूर-शोषक, म्हणजे विजेने धुराचे कण ओढून घेणारं उपकरण, घ्या. गुऱ्हाळाच्या किंवा कारखान्याच्या धुराड्याचं प्रतिरूप म्हणून प्लॅस्टिकच्या नळीत उदबत्तीचा धूर सोडतात, मध्ये एक बारीक तार आणि भोवती पत्रा. मधली तार ऋण असेल तर ठिणगी पडण्याआधी जास्त व्होल्टेजपर्यंत जाता येतं आणि धूर चांगला बसतो. औद्योगिक धूर-शोषकांत तार ऋण ठेवण्याचं कारण हेच. धन ठेवली तर ठिणग्या लवकर सुरू होतात, आणि मुलांना वाटतं कॉइलच कमजोर आहे.

टोक आणि पत्रा समोरासमोर ठेवून लांब ठिणगी दाखवायची असेल तर उलटं करायचं. टोक धन, पत्रा ऋण. त्याच कॉइलची ठिणगी लक्षणीय लांब होते. ही स्वतःच एक चाचणी आहे: बॅटरी उलटसुलट जोडून बघा, ज्या जोडणीत ठिणगी जास्त लांब पोचते त्यात टोक धन आहे.

मल्टीमीटर थेट लावला तर?

दोन कारणांनी लावायचा नाही. पहिलं सरळ आहे. मीटर आणि त्याच्या तारांचं आवरण ६०० किंवा १,००० व्होल्टसाठी बनलेलं असतं. वीस हजार व्होल्ट ते आवरण भेदून हातापर्यंत येऊ शकतात, आणि मीटर तर जातोच.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. समजा, मीटर टिकेल अशी रोधांची लांब साखळी लावली आणि डीसी रेंजवर वाचलं, तरी आकडा शून्याच्या आसपासच येईल. दोन्ही धक्क्यांचं ‘व्होल्ट गुणिले वेळ’ सारखं असल्यामुळे सरासरी शून्य होते. इथेच बरेच जण ‘बघा, एसीच आहे’ असा निष्कर्ष काढतात. फट मध्ये नसेल तर मीटर खरं तेच सांगतो, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

सगळ्यात भरवशाची चाचणी: एक सेल आणि काट्याचा मीटर

लागेल ते सामान: १.५ व्होल्टचा एक मोठा सेल, १०० ओहमचा रेझिस्टर, घंटेचा दाबस्विच, आणि ५० मायक्रोअँपिअरची रेंज असलेला काट्याचा मल्टीमीटर. डिजिटल मीटर चालणार नाही. तो सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, आणि आपला धक्का तेवढ्यात येऊन गेलेला असतो.

सेकंडरीच्या दोन टोकांना क आणि ख अशी नावं द्या. मीटरचा लाल प्रोब क ला, काळा ख ला. सेल, रेझिस्टर आणि स्विच एकामागोमाग जोडून प्रायमरीला लावा, आणि पुढे बॅटरीचं प्लस जिथे येणार आहे तिथेच सेलचं प्लस ठेवा. ही एक गोष्ट विसरली तर सगळा निकाल उलटा येतो.

स्विच दाबा. काटा एकीकडे झटका देऊन शून्यावर परत येईल. तो पूर्ण थांबू द्या, मग स्विच सोडा. काटा दुसरीकडे तेवढाच झटका देईल. सोडताना काटा उजवीकडे गेला तर क धन. डावीकडे शून्याखाली गेला तर ख धन. दाबतानाचा झटका लक्षात धरायचा नाही. बहुतेक चुका तिथेच होतात, कारण तो आधी दिसतो आणि डोक्यात राहतो.

खात्रीसाठी सेल उलटा करून पुन्हा बघा. दोन्ही झटके उलटले पाहिजेत. उलटले नाहीत तर काटा अडकतोय किंवा जोडणी सैल आहे. काटा जेमतेम हलत असेल तर १०० ओहमऐवजी २२ ओहम घ्या. अजिबात हलत नसेल तर आधी सेकंडरी तुटली आहे का ते ओहम रेंजवर तपासा. चांगल्या इग्निशन कॉइलच्या सेकंडरीचा रोध साधारण ८ ते १२ हजार ओहम भरतो, हाताने बनवलेल्या लहान कॉइलचा एक-दोन हजार. तुटलेल्या सेकंडरीत काटा जागचा हलत नाही.

या चाचणीत प्रायमरीतून १५ मिलिअँपिअरच जातात, त्यामुळे धोका जवळजवळ नाही. शाळेत मुलांकडून करून घ्यायला हीच योग्य. दोन्हीकडचे झटके सारखे असतात हे मुलांना आवर्जून दाखवा. ठिणगी मात्र एकदाच का पडते, हा प्रश्न त्यांच्या मनात तिथेच उभा राहतो.

नियॉनची माळ

काट्याचा मीटर नसेल तर टेस्टरमध्ये असतात तसे छोटे नियॉन दिवे पाच आणा. नियॉनला डीसी दिला की त्यातला फक्त ऋण बाजूचा इलेक्ट्रोड उजळतो. पाचही एकापुढे एक जोडून सेकंडरीवर लावा आणि प्रायमरीला रेझिस्टरशिवाय १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून काढा. खोलीत अंधार हवा.

पाच का? प्रमाण १०० असलेल्या कॉइलवर दीड व्होल्टच्या जोडणीचा धक्का सुमारे १५० व्होल्टचा, हेलकाव्यासह फार तर ३०० चा होतो. एक नियॉन ६५ ते ९० व्होल्टला पेटतो. एकच लावला तर जोडताना एक इलेक्ट्रोड आणि तोडताना दुसरा चमकेल, आणि डोळ्यांचा गोंधळ होईल. पाच मिळून सव्वातीनशेच्या वर लागतात, म्हणून तोडणीचाच धक्का त्यांना पेटवतो. तरीही जोडताना चमक दिसली तर आणखी एक-दोन दिवे वाढवा. दिवे उघडे असताना सेकंडरीला हात लावायचा नाही, इथे झिणझिण्या येतील एवढं व्होल्टेज असतं.

पूर्ण ताकदीच्या चाचण्यांआधी

यापुढे बारा व्होल्ट आणि खरी ठिणगी आहे, म्हणून काही गोष्टी कडकपणे पाळा. कॉइल फक्त बॅटरीवर चालवा. घरच्या २३० व्होल्टवर बल्ब किंवा डिमर लावून कॉइल चालवायचे व्हिडिओ फिरतात, तो मृत्यूशी खेळ आहे. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून ठिणगीपासून ती चांगली मीटरभर लांब ठेवा, गॅरेजमध्ये पेट्रोलही. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने त्या खोलीत थांबू नये. हात लावण्याआधी बॅटरी काढा आणि दोन्ही टोकं आवरण असलेल्या तारेने एकमेकांना टेकवा. हवा काढलेली काचेची नळी किंवा जुना रेडिओ व्हॉल्व्ह सेकंडरीला लावू नका, या व्होल्टेजला क्ष-किरण निघू शकतात. आणि फट कायम ठेवा. टोकं मोकळी सोडून कॉइल चालवली तर ठिणगी आतच, वेढ्यांच्या मधून, वाट काढते आणि कॉइल जाते.

हळदीचा कागद

सांगलीत हळदीला तोटा नाही. हळद अल्कलीत लाल होते. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, ते यामुळेच. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की ऋण टोकापाशी अल्कली तयार होते. म्हणजे ऋण टोकाखाली हळद लाल व्हायला हवी, आणि होते.

हळद आणि चिमूटभर मीठ पाण्यात कालवून गाळणकागदाची पाच सेंटिमीटरची पट्टी त्यात भिजवा, पाणी टपकणार नाही इतपत ओली ठेवा. आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर करून बघा, म्हणजे लाल ठिपका कसा दिसतो ते कळेल. मग पट्टी काचेवर ठेवून तिची दोन टोकं सेकंडरीला जोडा, पण एका बाजूच्या तारेत सहा-आठ मिलिमीटरची फट असलीच पाहिजे. अर्धा ते एक मिनिट कॉइल चालवा. लाल ठिपका पडेल ते ऋण. धन बाजूला क्लोरीनमुळे पिवळा रंग थोडा उडतो.

फट न ठेवता पट्टी थेट जोडली तर एका धक्क्यात तयार झालेली अल्कली पुढचा धक्का तितकीच मोडतो, आणि काहीच दिसत नाही. मल्टीमीटर शून्य दाखवतो तीच ही गोष्ट, कागदावर.

स्कोप असेल तर

अभियांत्रिकी कॉलेजात किंवा आयटीआयमध्ये ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं उपकरण) मिळत असेल तर प्रोब कॉइलला जोडू नका. प्रोबच्या टोकाला दहा सेंटिमीटर तार लावा आणि ती सेकंडरीच्या एका वायरपासून वीस-तीस सेंटिमीटर लांब धरून ठेवा, स्टँडवर. दुसरं टोक अर्थला असू द्या. हवेतूनच पुरेसा सिग्नल येतो. रेषा आधी ज्या बाजूला चढते ती त्या वायरची पोलॅरिटी. ठिणगी पडताच व्होल्टेज कोसळतं आणि उलट्या दिशेला एक टोकदार, मोठा दांडा दिसतो; डोळा त्याच्यावर जातो आणि उत्तर उलटं लिहिलं जातं. टाइमबेस, म्हणजे पडद्यावरची वेळेची पट्टी, पसरवून सुरुवातीचे काही मायक्रोसेकंद बघा.

गॅरेजमधली पेन्सिलची चाचणीही बरेच जण करतात: प्लगची वायर आणि प्लग यांच्या फटीत पेन्सिलचं शिसं धरायचं, ठिणगीचा पिसारा प्लगच्या बाजूला फुलला तर वायर ऋण, म्हणजे जोडणी बरोबर. ती खरी आहे, पण उजेडात फसवते. शिवाय शिसं विजेचं वाहक आहे, त्यामुळे पेन्सिल हातात धरण्याऐवजी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात अडकवा. अखेरचा शब्द सेल-मीटरचाच धरा.

सुवर्णपत्र विद्युतदर्शीनेही पोलॅरिटी कळते, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोयना-महाबळेश्वरकडे त्याचा नाद करू नये. दमट हवेत प्रभार टिकत नाही.

कुठे हा नियम लागू नाही

बऱ्याच दुचाकींत सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) असतं. त्यात आधीच २०० ते ४०० व्होल्टला भरलेला कपॅसिटर प्रायमरीत एकदम ओतला जातो. ठिणगी तेव्हाच, म्हणजे जोडणीच्या क्षणी पडते. म्हणून सीडीआयवर चालवायची कॉइल असेल तर सेल-मीटरच्या चाचणीत दाबतानाचा झटका धरायचा. या कॉइलची प्रायमरी बहुधा अर्ध्या ओहमच्या आसपास असते. तिला स्विच लावून थेट बारा व्होल्ट दिले तर वीस-तीस अँपिअर ओढले जातात आणि तार जळते. दुचाकीच्या कॉइलमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचं एकेक टोक गाभ्याला, म्हणजे बॉडीला, जोडलेलं असतं. मग ख म्हणजे बॉडी.

जुन्या रंगीत टीव्हीच्या फ्लायबॅकमध्ये (पडद्यासाठी हाय-व्होल्टेज बनवणाऱ्या कॉइलमध्ये) डायोड आतच असतो. तिची जाड लाल वायर नेहमी धन, प्रायमरी उलटली तरी बदलत नाही. टेस्ला कॉइलला मात्र पोलॅरिटी विचारू नका, तिथे खरोखरच एसी आहे, तोही सेकंदाला लाखो हेलकाव्यांचा.

वेढ्यांची दिशा बघून सांगता येणार नाही का?

तत्त्वतः येतं. दोन्ही वाइंडिंग एकाच दिशेने गुंडाळली असतील आणि प्रायमरीच्या सुरुवातीच्या टोकाला बॅटरीचं प्लस असेल, तर तोडताना सेकंडरीचं सुरुवातीचं टोक ऋण असतं. पण इग्निशन कॉइल डब्यात सीलबंद असते. आणि हाताने बनवणारे शहाणे लोक सेकंडरी सलग गुंडाळत नाहीत. पातळ चकत्या करतात, एकाआड एक चकती उलटी बसवतात आणि आतलं टोक आतल्याला, बाहेरचं बाहेरच्याला जोडतात. असं केल्याने शेजारच्या तारांमध्ये फार व्होल्टेज राहत नाही. पण एखादी चकती पालथी घालायची राहून गेली तर बाहेरून काही कळत नाही. दहा चकत्यांपैकी एक चुकीची असली, तर ती स्वतःचं व्होल्टेज देत नाहीच, शेजारणीचंही खाते. दहाऐवजी आठच चकत्यांएवढी ठिणगी मिळते.

म्हणून मेण ओतण्याआधी प्रत्येक चकती गाभ्यावर चढवल्यावर सेल-मीटरची चाचणी करा. मीटर मोठ्या रेंजवरून सुरू करून खाली आणा. पहिली चकती जोडली तेव्हाचा झटका लिहून ठेवा. दुसरी जोडल्यावर झटक्याची दिशा तीच राहिली पाहिजे.  दिशेबद्दल शंका आली तर नवी चकती एकटी तपासा, तिचं पुढे जोडायचं टोक खुणेने दाखवा, आणि मगच सोल्डरचा डाग द्या.